‘आम्ही बघतो’ म्हणण्याआधी

(मंडळाच्या निधिसंकलन स्नेहभोजनात आमच्या गटातर्फे केलेले भाषण. पुस्तिकेसाठी थोडे नीटनेटके केले आहे, पण बोलण्याच्या ओघातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



आम्हाला वीस मिनिटं दिलेली आहेत आणि मागच्या दारातून बटाटेवड्यांचा वास यायला लागला आहे, याची आम्हाला पूर्ण कल्पना आहे. शिवाय विषय सरकारी फॉर्मांचा. म्हणजे गाण्याचा कार्यक्रम आणि जेवण यांच्यामध्ये कुणाला उभं करावं, तर आम्हाला! पण कार्यकारिणीने आग्रह केला, आणि आज तुम्ही ज्या कामासाठी पैसे देणार आहात ते नेमकं काय आहे हे तुम्हाला कळायलाच हवं. म्हणून सुरुवात करतो.

आम्ही म्हणजे आपल्या मंडळातली सहा-सात माणसं. त्यात दोन-तीन सॉफ्टवेअरवाले, एक निवृत्त फार्मसिस्ट मावशी, एक शाळेत काम करणाऱ्या ताई आणि एक अकाउंटंट. आमच्यापैकी कुणीही सोशल वर्कर नाही, वकील नाही. आम्ही इंजिनियरिंग केलं ते गणित बरं होतं म्हणून. फॉर्म भरता येतात म्हणून कुणी नोकरी दिलेली नाही. महिन्यातून दोन रविवार आम्ही आपल्या ज्येष्ठ मंडळींच्या घरी जातो, चहा पितो (नको म्हटलं तरी लाडू खावे लागतात) आणि त्यांना सरकारकडून जे मिळायला हवं त्याचे कागद भरून देतो. बस, एवढंच काम.

हे सुरू कसं झालं ते सांगतो. आपल्या मंडळात एक काकू आहेत. नाव घेत नाही, त्यांना ‘सांगलीच्या काकू’ म्हणू. त्यांची आणि काकांची परवानगी घेऊनच हे सांगतो आहोत, आणि ओळख पटू नये म्हणून दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत. काका-काकू सत्तरच्या दशकात इथे आले. काकांनी सगळी हयात नोकरीत काढली, एक दिवस खाडा नाही, टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स पगारातून चोख कापून गेला. गणपतीत मखराचं काम काकांचं आणि मोदकांचं काम काकूंचं, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल.

काकांना अर्धांगवायूचा झटका आला. हॉस्पिटलमध्ये उपचार चांगले झाले, त्याबद्दल तक्रार नाही. घरी सोडायच्या दिवशी वॉर्डमधल्या बाईंनी विचारलं, घरी यांचं करायला कोण आहे? मुलगा आणि सून दोघेही तिथे होते. दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, “आम्ही बघतो.”

मंडळी, या दोन शब्दांवर आम्हाला आज बोलायचं आहे. आपल्याकडे हे दोन शब्द म्हणजे संस्कार आहेत. आई-वडिलांचं करायला बाहेरचा माणूस कशाला, आम्ही आहोत की! त्यात चूक काहीच नाही. पण समोरच्या बाईंनी कागदावर लिहिलं की कुटुंब सर्व काळजी घेणार आहे, मदतीची गरज नाही, आणि फाईल बंद झाली. खरं म्हणजे हॉस्पिटलमधून घरी आल्यावर माणसाला पुन्हा स्वतःच्या पायावर उभं करण्यासाठी काही काळ, जास्तीत जास्त सहा आठवडे, घरी येऊन मदत करणारी सेवा इथे आहे. तेवढ्या काळापुरती ती फुकट असते, मग तुमच्याकडे पैसे किती का असेनात. काकांना ती मिळाली नाही, कारण कुणी मागितलीच नाही.

मुलगा-सून दोघे सकाळी सात वाजता कामाला जाणार. मग ‘आम्ही बघतो’ मधले ‘आम्ही’ कोण? तर त्या वेळी ऐंशीला टेकलेल्या, दोन्ही गुडघे गेलेल्या, संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या काकू! आठ-नऊ महिने त्यांनी एकटीने काकांचं सगळं केलं. मग एका दुपारी संडासातून काकांना उठवताना दोघेही खाली आले. फोन बाहेरच्या खोलीत. गळ्यात घालायचं अलार्मचं बटण मुलाने घेऊन दिलेलं होतं, पण ते ‘बरं दिसत नाही’ म्हणून ड्रॉवरमध्ये. दुपारी दीडपासून संध्याकाळी साडेसहाला मुलगा येईपर्यंत दोघे फरशीवर होते. काकूंनी आपल्या अंगावरचा स्वेटर काढून काकांच्या डोक्याखाली दिला होता.

त्या आठवड्यात सूनबाईंनी आमच्यातल्या एकीला फोन केला. “तुम्हाला इंटरनेटवरचं कळतं ना, काही मिळतं का बघा.” आम्ही बघायला बसलो, आणि इतकं सापडलं की लाज वाटली. हे सगळं या लोकांना आधी कुणीच कसं सांगितलं नाही?

पहिली गोष्ट म्हणजे अटेंडन्स अलाउन्स. हा काही नवा प्रकार नाही. १९७१ मध्ये सुरू झाला, म्हणजे आमच्यापैकी कुणाचा जन्मही झालेला नव्हता. ज्यांचं सरकारी पेन्शनचं वय झालं आहे आणि आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे ज्यांना निदान सहा महिने स्वतःचं करायला मदत लागते आहे, त्यांच्यासाठी हा भत्ता आहे. उत्पन्न विचारत नाहीत, बचत विचारत नाहीत, त्यावर टॅक्स नाही. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात दर आठवड्याला ७३.९० पौंड हा खालचा दर आणि ११०.४० पौंड हा वरचा दर होता. दिवसा किंवा रात्री मदत लागत असेल तर खालचा, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा लागत असेल तर वरचा. वरच्या दराचे वर्षाला साडेपाच हजारांच्या वर होतात. पैसे कशावर खर्च केले याचा हिशेब कुणी मागत नाही. टॅक्सीला घाला, भांडी घासायला बाई ठेवा, नाहीतर नातवाला सायकल घ्या.

पेन्शनच्या वयाआधी ज्यांना पीआयपी मिळत होतं, त्यांचं ते पुढे चालू राहू शकतं. वय उलटल्यावर मात्र नव्याने पीआयपी मागता येत नाही, तेव्हा अटेंडन्स अलाउन्सच. यात एक अन्याय आहे, तो आम्ही लपवत नाही. पीआयपीमध्ये बाहेर हिंडण्याफिरण्यासाठी वेगळे पैसे असतात, अटेंडन्स अलाउन्समध्ये नसतात. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी पाय गेले तर एक न्याय, आणि सत्तराव्या वर्षी गेले तर दुसरा! तेव्हा अजून पेन्शनच्या वयाला न पोचलेल्या मंडळींना विनंती, त्रास असेल तर आत्ताच अर्ज करा, ‘पुढच्या वर्षी बघू’ करू नका. (ग्लासगोहून आलेल्या पाहुण्यांसाठी: तुमच्याकडे स्कॉटलंडमध्ये याच्या जागी पेन्शन एज डिसॅबिलिटी पेमेंट आलेलं आहे, २०२५ च्या एप्रिलपासून सगळीकडे. आणि पासष्टीच्या पुढच्यांना अंघोळ-कपडे वगैरे वैयक्तिक मदत तुमच्याकडे २००२ पासून फुकट आहे. आम्हाला तुमचा हेवा वाटतो.)

तर फॉर्म. काकूंनी स्वतःसाठी हा फॉर्म तीन वर्षांपूर्वी भरला होता! लायब्ररीत कुणीतरी दिला म्हणून भरला, आणि तो नामंजूर झाला होता. काकूंनी ती नकाराची चिठ्ठी देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. ‘सरकारने नाही म्हटलं, आता पुन्हा कशाला तोंड वेंगाडायचं?’ आम्ही त्या फॉर्मची प्रत मागवली. वाचून आधी हसू आलं आणि मग नाही आलं. कपडे घालायला मदत लागते का? नाही. अंघोळीला? नाही. रात्री उठावं लागतं का? नाही. शेवटी मोकळ्या जागेत काकूंनी सुंदर अक्षरात लिहिलं होतं की देवाच्या कृपेने माझं ठीक चाललं आहे, फक्त पोळ्या लाटता येत नाहीत.

आता गंमत अशी की पोळ्या लाटणं, बाजारहाट, घर झाडणं हे या भत्त्यात धरतच नाहीत. ते बघतात अंघोळ, कपडे, संडास-बाथरूम, घरातल्या घरात चालणं, उठणं-बसणं, जेवणं, औषधं घेणं, ऐकू येणं-दिसणं, आणि पडण्याचा किंवा भरकटण्याचा धोका. म्हणजे काकूंनी जे लिहिलं ते चालणारं नव्हतं आणि जे चालणारं होतं ते लिहिलंच नाही.

मग आम्ही फॉर्म बाजूला ठेवला आणि नुसत्या गप्पा मारल्या. “काकू, अलीकडे साडी नाही नेसत तुम्ही?” काकू म्हणाल्या, “अगं, ब्लाउजचे हुक लागत नाहीत बोटांनी. दोन वर्षं झाली, गाऊनच घालते.” मंडळी, आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं की काकू मॉडर्न झाल्या! “अंघोळ?” “रोज करते की! सूनबाई घरी असते तेव्हा शनिवार-रविवार टबात. एरवी बेसिनपाशी अंग पुसून घेते. टबात एकदा उतरले की निघता येत नाही ना.” “रात्री?” “रात्री मी झोपतेच कुठे? यांना दोनदा उठवावं लागतं, आणि माझं मला उठायला पलंगाचा कठडा धरून दहा मिनिटं लागतात, म्हणून संध्याकाळी पाचनंतर मी पाणीच पीत नाही.”

हे काकूंच्या दृष्टीने ‘ठीक चाललं आहे’.

आमच्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. रोज कुणीतरी ईमेल पाठवतं, ‘तुमचं सॉफ्टवेअर चालत नाही.’ एवढ्यावर कुणाला काहीच करता येत नाही. केव्हा चालत नाही? काय केल्यावर? दर वेळी की अधूनमधून? बंद पडल्यावर पुढे काय होतं? ‘अंघोळीला जरा त्रास होतो’ हे वाक्य अगदी तसंच आहे. त्याऐवजी असं लिहायचं: टबाच्या कडेवरून पाय उचलता येत नाही, धरून आत घालावं लागतं आणि धरून बाहेर काढावं लागतं, पाठीला आणि पायाला हात पोचत नाही, यात वीस मिनिटं जातात, मार्चमध्ये एकदा घसरल्या. फॉर्म वाचणारा माणूस काकूंना कधी भेटणार नाही. त्याच्यासमोर फक्त कागद आहे. आम्ही आता सगळ्यांना फॉर्म भरण्याआधी एक आठवडा वहीत टिपून ठेवायला सांगतो. चांगला दिवस कोणता, वाईट कोणता, रात्री किती वेळा. आणि फॉर्म विचारतो ‘कोणती मदत लागते’, ‘कोणती मदत मिळते’ असं नव्हे. मदत करायला कुणीच नसेल तरी गरज ही गरजच. एकटे राहणारे लोक इथेच फसतात. त्यांना वाटतं, मला कुणीच मदत करत नाही, मग काय लिहू?

जुन्या नकारावर फेरविचार मागायची मुदत साधारण एक महिन्याची असते, ती केव्हाच उलटून गेली होती. म्हणून नवा अर्ज केला. फोन करून फॉर्म मागवला तर फोन केल्याची तारीख धरतात, फक्त फॉर्म सहा आठवड्यांत परत पोचायला हवा. तेवढी तारीख वहीत लिहून ठेवत जा. काकांना वरचा दर मिळाला. काकूंना पुन्हा नकार आला! या वेळी मात्र आम्ही चिठ्ठी देवघरात ठेवू दिली नाही. महिन्याच्या आत फेरविचाराचं पत्र टाकलं, जीपीचं पत्र जोडलं, वहीची पानं जोडली. काकूंना खालचा दर मंजूर झाला. फेरविचारातही नाही म्हणाले असते तर पुढे ट्रायब्युनल आहे, तिथे जायलाही फी नाही. नवरा-बायको दोघांनाही हा भत्ता मिळू शकतो, आणि जो दुसऱ्याची काळजी घेतो त्यालाही स्वतःसाठी मिळू शकतो. हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही.

दुसरी गोष्ट काउन्सिलची. इंग्लंडमध्ये २०१४ चा केअर ॲक्ट आहे. त्यानुसार ज्याला मदतीची गरज दिसते अशा कोणत्याही प्रौढ माणसाची पाहणी काउन्सिलने करायलाच हवी, आणि तीही फुकट. तुम्ही श्रीमंत आहात म्हणून पाहणी नाकारता येत नाही. कायद्यात दहा गोष्टींची यादी आहे, जेवण, स्वच्छता, संडास, कपडे, घरात सुरक्षित राहणं, माणसांशी संबंध ठेवणं वगैरे. यातल्या दोन किंवा अधिक गोष्टी आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर तुम्ही पात्र.

आणि इथे आमच्या दोन शब्दांचा पुन्हा संबंध येतो. गरज ठरवताना घरचे लोक किती करतात ते बाजूला ठेवून ठरवायची असते. गरज आधी पूर्ण लिहायची, आणि मग यातलं घरचे काय करायला तयार आहेत, काय करू शकतात, ते वेगळं लिहायचं. ‘तयार’ हा शब्द महत्त्वाचा. काउन्सिल तुमच्यावर सक्ती करू शकत नाही. तेव्हा पाहणीला बाई आल्या की आधी “आम्ही बघतो” म्हणू नका. आधी गरज लिहू द्या, मग म्हणा.

करणाऱ्या माणसाचीही वेगळी पाहणी होते, तो हक्क त्याच कायद्यात आहे. काकूंच्या पाहणीत बाईंनी विचारलं, तुम्ही स्वतःसाठी शेवटचं घराबाहेर कधी गेलात? काकूंना आठवेना. सूनबाईंनी सांगितलं, “गेल्या वर्षीच्या गणपतीला.” त्या वेळी पुढचा गणपती दोन आठवड्यांवर आला होता.

पैशांचं म्हणाल तर पाहणी फुकट असली तरी प्रत्यक्ष मदत उत्पन्न आणि बचत बघून मिळते. इंग्लंडमध्ये बचत २३,२५० पौंडांच्या वर असेल तर खर्च स्वतः करायचा, १४,२५० च्या खाली असेल तर बचत धरत नाहीत, मधल्यांचं मधलं. हे आकडे २०१० पासून तसेच आहेत, मध्ये महागाई कुठे गेली ते तुम्हाला ठाऊक आहेच. घरी राहून मदत घेत असाल तर राहतं घर धरत नाहीत. पण पुण्यातला फ्लॅट धरतात! तो लपवू नका, आमच्याकडूनही लपवून भरून घेऊ नका. आम्ही तसला फॉर्म भरत नाही. एकदा एका काकांनी आम्हाला डोळा मारून ‘ते तिकडचं जाऊ द्या’ म्हटलं होतं. आम्ही चहा पिऊन परत आलो. फ्लॅटमुळे अटेंडन्स अलाउन्सला काही बाधा येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

आता काकांकडे दिवसातून दोनदा मदतनीस येतो. हे लिहायला एक ओळ लागते, घडायला चार महिने लागले. त्यात दोन महिने काउन्सिलच्या रांगेत गेले (कोणतं काउन्सिल ते सांगत नाही, सगळीकडे थोडंफार हेच आहे) आणि उरलेले दोन काकूंची समजूत काढण्यात. परका माणूस घरात येणार, बूट घालून येणार, काकांना अंघोळ घालणार! काकू म्हणाल्या, “लोक काय म्हणतील? सून असून बाहेरचा माणूस लावला.” सूनबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले ते काकूंनी बघितलं, आणि मग जरा वेळाने काकूच म्हणाल्या, “येऊ दे त्याला. पण चपला बाहेर.” पुरुषाला पुरुष मदतनीस मागता येतो, दर वेळी मिळेलच असं नाही, पण मागायचा. बूट, जेवण, देवघर यांबद्दलचं सगळं त्या योजनेच्या कागदावर लिहून घेता येतं. काकांकडे येणारा मुलगा घाना देशातला आहे. तो आता दारातच बूट काढतो आणि ‘नमस्कार काका’ म्हणतो.

ज्यांना एजन्सीचा माणूस नको त्यांना डायरेक्ट पेमेंट घेता येतं. काउन्सिल पैसे देते, माणूस तुम्ही नेमायचा. मराठी किंवा गुजराती बोलणारी बाई ओळखीत असेल तर हा मार्ग उत्तम. मात्र त्याच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला सहसा नेमता येत नाही, आणि पगाराचा हिशेब ठेवायला लागतो. आमचे अकाउंटंट त्यासाठीच आहेत.

भाषेचं एक सांगायलाच हवं. झटक्यानंतर काकांचं इंग्रजी जवळजवळ गेलं. इतकी वर्षं ज्या भाषेत नोकरी केली ती पुसली आणि खाली लहानपणची मराठी तेवढी राहिली. स्मरणशक्तीची तपासणी इंग्रजीत झाली. काका गप्प बसले, आणि गप्प बसण्याचे शून्य मार्क. दुसऱ्या वेळी सूनबाईंनी दुभाषा मागितला तर हिंदीचा आला. तिसऱ्या वेळी मराठीचा आला आणि काका बोलले. नुसते बोलले नाहीत, आजचा वार सांगितला आणि वर दुभाष्याला विचारलं, “तुम्ही कुठले?” एनएचएसमध्ये दुभाष्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. अपॉइंटमेंट घेतानाच ‘मराठी’ असं स्पष्ट सांगायचं, ‘इंडियन’ म्हणायचं नाही. आणि सूनबाईला किंवा नातवाला दुभाषा करायचं नाही. आजोबा नातवासमोर संडासाचं बोलणार आहेत का?

घरातल्या फेरफारांबद्दल थोडक्यात. धरायचे दांडे, कमोडवरची उंच सीट, अंघोळीची खुर्ची असल्या वस्तू आणि हजार पौंडांपर्यंतचे छोटे बदल पात्र माणसाला काउन्सिलने फुकट द्यायचे असतात. टब काढून सपाट शॉवर करायचा किंवा जिन्याची लिफ्ट बसवायची तर डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट आहे, इंग्लंडमध्ये ३०,००० पौंडांपर्यंत. यात उत्पन्न बघतात ते अपंग माणसाचं आणि त्याच्या जोडीदाराचं. मुलाचं नाही, मग घर मुलाचं का असेना. फक्त एक करा, मंजुरीआधी बिल्डरला हात लावू देऊ नका. आपल्यातल्या एका कुटुंबाने दिवाळीच्या आत व्हावं म्हणून आधी काम काढलं आणि ग्रँट गेली.

स्मृतिभ्रंश असेल तर काउन्सिल टॅक्सचं बघा. डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि अटेंडन्स अलाउन्ससारखा भत्ता असेल तर त्या माणसाला घरात मोजत नाहीत. दोघंच राहत असतील तर पंचवीस टक्के सूट, तो माणूस एकटा राहत असेल तर पूर्ण माफी. ब्लू बॅज बहुतेकांना माहीत आहे, इंग्लंडमध्ये जास्तीत जास्त दहा पौंड लागतात. आणि त्या गळ्यातल्या बटणाबद्दल, खास इंजिनियर म्हणून सांगतो: जुन्या तांब्याच्या तारांवरची लँडलाईन बंद करायची मुदत जानेवारी २०२७ ठरवली गेली. जुन्या तारेवर चालणारं बटण नव्या लाईनवर चालेलच असं नाही. घरी आई-वडिलांकडे असेल तर उद्या दाबून बघा. बटण ड्रॉवरमध्ये असेल तर आधी ड्रॉवर उघडा.

आठवड्याला पस्तीस तास काळजी घेणाऱ्याला केअरर्स अलाउन्स आहे, २०२५-२६ मध्ये ८३.३० पौंड. पण तो सरळ नाही. टॅक्स वगैरे जाऊन आठवड्याची कमाई त्या वर्षी १९६ पौंडांच्या एका पौंडाने जरी वर गेली तरी सगळा भत्ता जायचा, आणि चुकून घेतला असेल तर परत मागतात. शिवाय सुनेने तो घेतला तर काही वेळा सासूबाईंच्या पेन्शन क्रेडिटमधली अपंगत्वाची वाढ जाते. तेव्हा हा अर्ज करण्याआधी आम्हाला किंवा कुठल्याही फुकट सल्ला केंद्रात विचारा.

आपल्याकडची बरीच ज्येष्ठ मंडळी थंडीत पुण्याला जातात. जरूर जा. अटेंडन्स अलाउन्स तात्पुरत्या गैरहजेरीत साधारण तेरा आठवडे चालू राहतो, पेन्शन क्रेडिट चारच आठवडे. जाण्याआधी कळवायचं. न कळवता गेलात तर आल्यावर जे पत्र येतं ते वाचून आम्हालाही घाम फुटतो.

आणि ज्यांचे आई-वडील तिकडे आहेत, म्हणजे आमच्या वयाचे बहुतेक सगळे. जुलै २०१२ पासून वृद्ध आई-वडिलांना कायमचं इकडे आणण्याचे नियम इतके कडक झाले आहेत की फार थोड्यांना व्हिसा मिळतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना वरचं काहीच मिळत नाही, आणि व्हिसावर ‘पब्लिक फंड्स नाहीत’ असं असेल तर अर्ज केल्याने व्हिसाच धोक्यात येऊ शकतो, आधी विचारा. तिकडे राहणाऱ्यांसाठी मात्र एवढं करता येतं: २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व धरलं आहे, चाळीस टक्क्यांच्या वरचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवा. पुढच्या सुट्टीत पुण्या-नाशिकला गेलात की खरेदीतले दोन दिवस त्यासाठी राखा. रांगेत तुम्ही उभे राहा, आईला रिक्षात बसवून ठेवा.

आता पैशांचं. सरकार भत्ता देतं, पण त्याचा फॉर्म मराठीतून समजावून भरायला माणूस देत नाही. आमचे रविवार पुरत नाहीत. सध्या यादीत अकरा घरं थांबली आहेत, आणि आम्ही शिकाऊ आहोत. ट्रायब्युनलपर्यंत गेलेलं प्रकरण आमच्या आवाक्याबाहेरचं आहे. आजच्या निधीतून एक प्रशिक्षित सल्लागार आठवड्यातून एक दिवस पगारी नेमायचा आहे, मराठीतून एक छोटी पुस्तिका छापायची आहे, आणि ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांना पाहणीच्या दिवशी, हॉस्पिटलच्या दिवशी टॅक्सी द्यायची आहे. एवढ्यासाठीच. वर्षाअखेर खर्चाचा हिशेब याच सभागृहात वाचून दाखवू.

चहाच्या काउंटरशेजारी आमचं टेबल आहे. देणगीची पाकिटं तिथेच आहेत, पण पाकिटाशिवाय आलात तरी चालेल. आई-वडिलांचा नॅशनल इन्शुरन्स नंबर, जीपीचं नाव-पत्ता, औषधांची यादी आणि पूर्वीचं नकाराचं पत्र असेल तर ते, एवढं घेऊन पुढच्या रविवारी या. पत्र देवघरात ठेवलं असेल तर तिथून काढून आणा. सांगलीच्या काकू आज आल्या आहेत. टेबलावरचा चिवडा त्यांच्या देखरेखीखाली सूनबाईंनी केला आहे, आणि मीठ कमी पडलं आहे हे काकूंनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं आहे.